गेणूचा परदेश

“हाच व्हय तुमचा परदेश?” पडद्यापुढे उभं राहून चतुराबाईने नवऱ्याला विचारलं.

गेणूची नजर पडद्यावरच होती. नाशकात द्वारका चौकाजवळच्या त्या फोटो स्टुडिओत पडदा अजून टांगलेला होता. शंभरेक वर्षांपूर्वी कुणी इंग्रज साहेब इजिप्तला गेला आणि त्याने जलरंगात नदी रंगवली. पलीकडे वाळवंट, काठाला खजुरी आणि उंट. पुढे त्या चित्राचं कॅलेंडर निघालं. कॅलेंडर बघून स्टुडिओवाल्या शेखरच्या वडिलांनी पडदा रंगवून घेतला. कॅलेंडरात उंट फार बारीक होते आणि पेंटरने खरा उंट पाहिलेला नव्हता. त्यामुळे या उंटांना बैलाचे कान आहेत.

एक्याण्णव साली द्राक्षाच्या कामाला आलेल्या गेणूने इथे फोटो काढला. गावी हरसूलला तो फोटो बघून कुणीतरी विचारलं, “परदेशी गेलतास का काय?” गेणूला नाही म्हणवेना. तेव्हापासून गावात पहिला चहा त्याला मिळतो. कानांबद्दल कुणी विचारलं नाही. परदेशी उंट तसेच असणार.

आता सव्वीस जानेवारीला शाळेत ‘परदेश’ या विषयावर गेणूचं भाषण ठेवलं होतं. नेमके त्याच आठवड्यात भाचीच्या साखरपुड्याच्या, नाशकात काढलेल्या फोटोत चतुराबाईला उंट दिसले. तेच कान. तिने नवऱ्याला तडक एसटीत घातलं.

“मास्तरला खरं सांगून टाका. भर शाळंत पोरं हसतील तुमाला,” पडद्याकडे बोट दाखवत ती म्हणाली.

“काकू, पडदा उद्या काढतोय मी,” शेखर म्हणाला. “आता कॉम्प्युटरवर थेट स्वित्झर्लंड मिळतं.”

गेणू पडद्याजवळ गेला. नदीचा निळा रंग बराच उडाला होता.

“पानी लय कमी झालं,” तो म्हणाला.

“अहो, पडदा हाय त्यो!”

“ठावं हाय मला.” गेणू मागे वळला. “पन दरसाल वाटायचं, तुला एकदा आनावं हितं.”

 हरसूलचा बाजार आणि लोकांचे द्राक्षमळे सोडून चतुराबाईने आजवर काही पाहिलं नव्हतं.

गेणूने चपला काढल्या, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि हात पुढे केला. “ये. हितं उथळ हाय.”

शेखर कॅमेऱ्यामागे वाकला. “काकू, रेडी?”

चतुराबाईने लुगडं चार बोटं वर खोचलं.

“थांब की दादा जरा,” ती म्हणाली, “पानी गार हाय.”