नखं

तिने तलावाच्या भिंतीला हात मारला, चष्मा कपाळावर सरकवला आणि फलकाकडे पाहिलं. तिसरी. दुसरीच्या मागे, सेकंदाच्या शंभराव्या भागाने. देशाच्या संघात जागा दोघींनाच होती.

दुसरी आलेल्या, शेजारच्या लेनमधल्या एकोणीस वर्षांच्या पोरीने दोरीवरून हात पुढे केला. "ताई, तुमच्याकडे बघूनच मी पोहायला लागले."

तिने तो हात हातात घेतला. पोरीची नखं तळव्याला टोचली.

काठावर सर टॉवेल घेऊन उभे होते. दहा वर्षं, चार जागतिक स्पर्धा, बाळंतपण, मग पुन्हा पहाटे पाचला पाण्यात. सगळं त्यांच्याच हाताखाली. टॉवेल देता देता त्यांची नजर तिच्या बोटांवर गेली.

"नखं कुठे गेली?"

तिने बोटं टॉवेलात गुंडाळली.

"शर्यतीआधी तीन आठवडे नखांना हात लावायचा नाही. भिंतीला आधी नख लागतं, बोट मागून. हे काय तुला आता शिकवायचं?"

"काल कापली, सर. बाळाला लागलं. डोळ्याच्या अगदी खाली."

"हातमोजे घालायचे होतेस," सर म्हणाले. "एका दिवसाचा तर प्रश्न होता."

गळ्यातलं स्टॉपवॉच शून्यावर आणून ते पुढच्या शर्यतीच्या मुलींकडे गेले.

वर गॅलरीत सासूबाई बाळाला खांद्यावर टाकून येरझारा घालत होत्या. "आलीस? झालं का मनासारखं? मला मेलं त्या आकड्यांतलं काही कळत नाही."

"झालं, आई. आता पहाटे उठायला नको."

"बरंच झालं की मग."

तिने बाळाला घेतलं. डोळ्याखालचा ओरखडा सुकून बारीक तपकिरी रेघ उरली होती. दोन दिवसांत तीही जाणार होती. बाळ हुंकारत तिच्या तोंडाशी झेपावलं आणि त्याची बोटं तिच्या गालावरून खसकन खाली आली.

"अगं, रक्त आलं की," सासूबाई म्हणाल्या. "स्वतःची कापलीस आणि लेकीची तशीच ठेवलीस? घरी गेल्या गेल्या कापून टाकते मी."

तिने गाल पुसला नाही. बाळाची मूठ उलगडून तिने एकेक नख निरखून पाहिलं.

"राहू देत, आई," ती म्हणाली. "वाढू देत."