उन्हाळ्यात निजणारं झाड

दामाजींनी खांद्यावरची पिशवीही खाली ठेवली नाही. ते तसेच गॅलरीत गेले. पुतणीच्या लग्नासाठी महिनाभर गावी राहिलेले ते आणि सगुणाबाई आत्ताच मानपाड्याच्या घरी परतले होते. दामाजींच्या मागून सून हेमा गॅलरीच्या दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

झाडाचं खरं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. पाचगणीच्या एका नर्सरीतून दामाजींनी बोटभर फांदी रुमालात गुंडाळून आणली होती. आता तिचा हातभर सरळ देठ झाला होता आणि टोकाला पानांचं एकच मोठं चक्र, कमळ उमलावं तसं. रंग मात्र पिकल्या जांभळाचा, जवळजवळ काळा. शेजारीपाजारी आपल्या पाहुण्यांना मुद्दाम जिना चढवून ते दाखवायला आणत. गावी जाताना दामाजींनी घराची किल्ली मुलाकडे दिली होती आणि झाड सुनेकडे.

ते चक्र आता मिटून मुठीएवढं झालं होतं. खालची पानं कुंडीत गळून पडली होती. दामाजींनी देठ बुडाशी चिमटीत धरून पाहिला. तो पिकल्या केळ्यासारखा दबला.

"पाणी किती घालत होतीस?"

"रोज, मामंजी. सकाळ-संध्याकाळ." हेमाचा आवाज बारीक झाला. "पानं गळायला लागली, म्हणून मग दुपारीसुद्धा."

"घ्या!" सगुणाबाई आतून म्हणाल्या. "मला आल्यापासून घोटभर चहा नाही, आणि यांच्या झाडाला तीन-तीन वेळा पंगत!"

हेमाचे डोळे भरून आले. "आमच्या गुहागरला उन्हाळ्यात सुपारीची बाग शिंपायची राहिली, तर बाबा जेवायला बसत नाहीत. मला वाटलं, तहानलंय."

"सुपारीचं तसंच असतं. बाबांचं बरोबर आहे." दामाजींनी आता कुठे पिशवी उतरवली. "याचं उलटं. हे थंडीत वाढतं आणि उन्हाळ्यात निजतं. पानं टाकतं, अंग मिटून घेतं. बघणाऱ्याला वाटतं, गेलं. ते नुसतं झोपलेलं असतं."

"आणि मी झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओतत बसले."

"हो," दामाजी म्हणाले. "त्याने मुळं कुजली. जा, माझ्या दाढीच्या सामानातलं नवं पातं आण. कापूस आणि स्पिरिटची बाटलीही आण."

हेमा सगळं घेऊन आली. शाळेत मास्तर मुलांना समजावतात तसं दामाजी सांगू लागले. "कुज मुळातून वर चढते. ती जिथवर पोचली नाही, तिथे देठ कापायचा. आतून हिरवट पांढरा दिसला तर झाड वाचलं. तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापायचं. दर वेळी पातं पुसून घ्यायचं, नाहीतर आपणच कुज वर नेऊ."

"आणि वाचलं तर?"

"तर शेंडा कागदावर सावलीत ठेवायचा. जखम पुरती सुकली की विटेच्या चुऱ्यात आणि जाड वाळूत लावायचा."

"आणि पाणी?"

"मी सांगेन तेव्हा."

हेमाला रडता रडता हसू आलं. तिने पातं पुढे केलं. "कापा ना, मामंजी."

"तू कापायचंस. कंपनीत माझ्या हाताखालच्या पोराकडून काम बिघडलं, तर तेच काम मी त्याच्यापुढे ठेवतो."

"अहो, तिला कशाला सांगताय?" सगुणाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. "उरलंसुरलंही जाईल!"

दामाजींनी कुंडी हेमापुढे सरकवली. हेमाने कुंडीशी बसून देठ डाव्या हातात धरला आणि बुडापासून वीतभर वर पातं ओढलं. आतून सगळा तपकिरी. तिने पातं पुसलं.

दुसऱ्यांदा आणखी वर कापलं. कडेने पांढरं दिसलं, पण मधोमध डाळीच्या दाण्याएवढा डाग होताच.

आता पानांखाली जेमतेम चार बोटं देठ उरला होता. सगुणाबाई टोमणा मारायचं विसरून गेल्या.

"इथे कापू?" हेमाने पानांच्या अगदी लगत बोट ठेवलं.

"दोनदा आतून बघितलंस. आता तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे." आवाज अगदी शांत होता. आणखी कापायला जागा नव्हती, हे काय त्यांना दिसत नव्हतं? तरी एक चढा शब्द नाही, एक उसासा नाही. आपल्याला इतकं जिवाचं काही दुसऱ्याच्या ताब्यात देणं कधी जमेल का, असं हेमाला वाटून गेलं. "पातं दाबू नकोस," मागून ते म्हणाले. "एका ओढीत."

तिने पातं पुसलं आणि ओढलं.

शेंडा तिच्या तळहातावर आला, गार आणि हलका. तिने तो उलटा करून पाहिला. कडेपासून कडेपर्यंत हिरवट पांढरं, नुकत्याच चिरलेल्या कोवळ्या काकडीसारखं. कुठे डाग नाही.

"मामंजी, स्वच्छ आहे!" म्हणत तिने मागे वळून पाहिलं.

दामाजी तिच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे होते. दोन्ही हात मागे बांधलेले, बोटं एकमेकांत इतकी घट्ट रुतलेली की पेरं पांढरी पडली होती.

"खरंच हो," सगुणाबाई वाकून बघत हलक्या आवाजात म्हणाल्या. "वाचवलंन् पोरीने."

दामाजी वळले नाहीत.

"उजेडाकडे धर," ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "आणि पुन्हा एकदा नीट बघून सांग."