आतले काजू

"लेबलं मी लिहिणार नाही, बाई." सोनालीनं पेन टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेचा विक्रीमेळा होता. अकरावी वाणिज्यच्या स्टॉलसाठी गौरेशच्या बाबांच्या धारगळच्या दुकानातून काजूची चाळीस पाकिटं आली होती. प्रत्येकावर 'अस्सल कोरगावचे काजू' एवढं लिहायचं होतं, आणि वर्गात अक्षर सुंदर ते सोनालीचं.

"का गो?" सत्यवतीबाईंनी विचारलं.

सोनाली गौरेशकडे वळली. "कोरगावचे खंय हे? माजी आय हेच काजू फोडता कारखान्यात. पोत्यांवर आफ्रिकेचो शिक्को असता."

"मगे? टुरिस्टांक कोण सांगतलो?" गौरेश हसला. "बाई, गाववाल्यांना बाबा असले कधीच देत नाहीत. त्यांचे वेगळे, खरे कोरगावचे. आतल्या डब्यातले."

"अरे, गेल्या आठवड्यात तू व्यापारातल्या सचोटीवर दोन पानं लिहिलीस. दहापैकी नऊ दिले मी तुला!"

"ते परीक्षेसाठी, बाई."

बाईंनी कपाळाला हात लावला. "सोनाली, तू तरी सांग ह्याला, चुकतंय कुठे ते."

"विकायचे तर विकू दे त्याला. माझ्या अक्षरात नको. उद्या कोणी विचारलं तर नाव माझं यायचं."

"आणि घेणारा?" बाईंचा आवाज चढला. "ह्याला गावाची काळजी, तुला नावाची. विश्वासानं घेणारा माणूस तुमच्यापैकी कुणाचाच नाही का रे?"

"तुम्ही घेता तेव्हा बाबा आतलेच देतात की," गौरेश म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोडी नव्हती. "आज सकाळी नाही का? 'बाई, ते टुरिस्टांचे, तुमचे आत ठेवलेत' म्हणाले. तुम्ही हसलात."



बाईंनी खुर्चीला अडकवलेल्या पिशवीतून सकाळची पुडी काढली आणि पाकिटांशेजारी ठेवली. साधा कागद, वर दोरा. तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

सोनालीनं दोरा सोडला. एक काजू उचलून हुंगला, परत ठेवला, पुडी नीट बांधली. मग पेनाचं टोपण काढलं.

"'अस्सल कोरगावचे' हिच्यावर लिहिते, बाई."