चकलीच्या कृतीमागचं पान

१९९१ साली पनवेलला टायफॉईडने खंगलेली अनुया थोरल्या जावेच्या, कुमुदच्या हातचं काहीच घेईना. औषध पोटात गेलं नाही तर धडगत नाही, असं डॉक्टर बजावून गेले होते. पण अनुयाने वाचलेल्या दिवाळी अंकातल्या भयकथेत आजारी सून सांगत होती, जाऊच मला विष देते. आणि शेवटचं पान कापलेलं! “वहिनी, तुम्हीही तशाच गोड बोलता.” कुमुद रडकुंडीला आली. अचानक तिला स्वयंपाकघरात टाचलेली चकलीची कृती आठवली. पान तिनेच कापलं होतं! धावत जाऊन आणलं. मागच्या बाजूला सून कबूल करत होती: विष नव्हतंच, मी खोटं सांगितलं. “मग आता तरी खरं कशावरून?” अनुया पुटपुटली. “तिला घाल चुलीत! माझ्याकडे बघ गं.” अनुयाने बघितलं, औषधासाठी तोंड उघडलं. कुमुद पुढे म्हातारी होऊन वारली. अनुया अजून त्याच कागदावरून चकल्या करते.