गोधडीतली आमटी

"हा आकडा चुकलाय, गाळून टाक," डेन्मार्कचा सहकारी फोनवर म्हणाला. भारतात आणि तिकडे एका जेवणामागे किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, याची तुलना मंजिरी दोन वर्षं करत होती. एका शाळेच्या स्वयंपाकघरातल्या गॅसची नोंद इतरांच्या निम्मीच होती. ती खोटी निघाली, तर सगळ्याच कामावर शंका येणार होती.

म्हणून ती स्वतः त्या शाळेत गेली. तिथल्या स्वयंपाकीण इठाबाईंनी मुगाच्या आमटीला उकळी येऊ दिली आणि गॅस बंद केला.

"अहो, मूग कच्चेच आहेत की!"

"असू द्या, ताई. पोरं दोन तासांनी जेवत्यात." इठाबाईंनी पातेल्याभोवती दोन गोधड्या घट्ट गुंडाळल्या. "आता त्यांचं ते शिजत्यात."

दोन तासांनी गोधड्या सुटल्या आणि मंजिरीच्या चष्म्यावर वाफ आली. तिने मूग बोटांत दाबला. तो लोण्यासारखा मऊ होता.

"डेन्मार्कमध्ये यावर कुणाचा विश्वासच बसत नाही, इठाबाई!"

"का? तिकडं तर लई थंडी म्हणत्यात. त्यांच्याकडं गोधड्या न्हाईत व्हय?"

मंजिरीने आकडा तसाच ठेवला आणि त्याखाली इठाबाईंचा प्रश्न लिहून डेन्मार्कला पाठवला.