जोड न दिसणारं कार्ड

"हे काम मुलीचं नाही," वर्गशिक्षिका म्हणाल्या आणि त्यांनी कार्ड टेबलावरून आईकडे सरकवलं.

आईने ते उचललंही नाही. न बघताही तिला ते डोळ्यांपुढे दिसत होतं. पिवळ्या जाड कागदाची घडी, त्यावर निळ्या वेलबुट्टीच्या कागदाचं झाकण, आणि झाकण उघडलं तरी न तुटता थेट आत गेलेली वेल. जोड कुठे आहे ते बोटाने चाचपूनही कळत नव्हतं.

"मग कुणाचं आहे?"

"ते आता मी सांगायला हवं का, ताई?"

बाजूच्या खुर्चीत कार्डांच्या दुकानाची मालकीण बसली होती. कार्ड बनवण्याच्या स्पर्धेची परीक्षक म्हणून शाळेने तिलाच बोलावलं होतं. आत येताना ती दिसली तेव्हाच आईचा पाय दारात अडखळला होता.

"अगं, तुझा हात मी ओळखणार नाही?" मालकीण म्हणाली. "दुकानाचा पुढचा कप्पा तुझ्याच कार्डांनी भरलाय. लेकीसाठी केलंस, त्यात काय एवढं? कुठली आई करत नाही? पण स्पर्धा मुलांची आहे ना."

हा समजुतीचा सूर ऐकून आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी दुकानात कुणी 'काय हात आहे हो तुमचा!' म्हटलं की ती नुसतं हसायची आणि विषय बदलायची. आज हसू येणं शक्य नव्हतं.

दाराशी तिची लेक, खारूताई, उभी होती. कागदाचे कपटे दिसले की उचलून साठवते, म्हणून घरात पडलेलं नाव. काल शाळेतून आली ती न बोलता आली. डबा भरलेला. पाठीला हात लावला तशी हुंदके देऊन रडली.

"बाई, तुम्ही सगळ्या वर्गासमोर तिचं कार्ड भिंतीवरून उतरवलंत. पोरं तिला खोटारडी म्हणतायत. लहान मुलांना अब्रू नसते का?"

"मी तिला शांतपणे विचारलं होतं, आईनं मदत केली का. म्हणाली, अजिबात नाही. निदान घडी आईनं घातली एवढं तरी कबूल करायचं!"

"जे झालंच नाही ते कबूल कसं करणार? मी एक टोकसुद्धा कापलेलं नाही. शपथेवर सांगते."

मालकीण गालात हसली. "राहू दे गं. शपथा कशाला?"

"हसताय काय? माझी मुलगी खोटं बोलत नाही!"

"ठीक आहे," शिक्षिकांनी कपाटातून नक्षीच्या कागदांचा गठ्ठा काढला. "हातच्या काकणाला आरसा कशाला? बसू दे तिला इथेच."

आईचा चेहरा पडला. पुढच्याच क्षणी ती उसळली. "चोर पकडल्यासारखी परीक्षा घेणार तिची? तीसुद्धा बाहेरच्या माणसांसमोर?"

"बाहेरची कोण, मी?" मालकीण म्हणाली. "इतकी वर्षं ओळखतेस, आणि मी बाहेरची?"

"नको म्हणजे नको. बक्षीसही नको आम्हाला. चल गं, घरी चल."

खारूताई जागची हलली नाही.

"मग मी खोटारडीच राहू का, आई?"

आईने मालकिणीकडे पाहिलं. मग मुलीकडे. पदराआड झाकून ठेवावी अशी ती पोर, आणि तिच्या डोळ्यांत आता आईबद्दलच काहीतरी शंका उमटत होती.

"बस," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "कर, बाळा."

खारूताईने गठ्ठ्यातून लाल ठिपक्यांचा कागद ओढला. पट्टी ठेवली, शाई संपलेल्या पेनाने दाबून रेघ ओढली आणि त्या रेघेवर घडी घातली. घडी सुरीसारखी पडली. दुसरा तुकडा तिने उजेडाकडे धरला, ठिपक्यावर ठिपका येईपर्यंत केसभर सरकवला, जीभ दातांत धरून कापला. खळीचं एक बोट फिरवलं. कार्ड उघडून टेबलावर ठेवलं.

शिक्षिकांनी बोट फिरवून जोड शोधला. सापडला नाही.

"चुकलं माझं," त्या उठल्या आणि स्वतःच्या हाताने निळं कार्ड घेऊन पुन्हा मुलीच्या हातात दिलं. "उद्या वर्गासमोर सांगेन. पहिलं बक्षीस हिचंच."

"माझंही चुकलं बाई," मालकीण लाल कार्ड खालीवर करत म्हणाली. "हुबेहूब! तीच घडी, तीच सफाई. खाण तशी माती म्हणतात ते उगाच नाही."

"येतो आम्ही," आईने मुलीचा दंड धरला. "उशीर होतोय."

"थांब गं, कौतुक तर करू दे." मालकिणीने खारूताईच्या गालाला हात लावला. "किती दिवस शिकवत होती गं आई तुला?"

कालपासून पहिल्यांदाच खारूताई खुदकन हसली.

"आईला कुठे येतं, काकू? मीच शिकवतेय तिला. पण तिची घडी अजून वाकडीच पडते."