ढापलेली जागा

हे लिहिणारच नव्हतो. टाईप केलं, खोडलं, परत केलं.

व्हायोलिन वाजवणारा माझा दोस्त, आमचा मास्तर, त्याने त्याच्या काकाच्या व्हायोलिनची जुनी रेकॉर्ड लावली आणि डोळे मिटले.

"आता ही जागा ऐक. माझं अख्खं वाजवणं मी इथूनच ढापलंय. आली, आली... वाह!"

बोटं हवेत बरोबर फिरत होती. पण खोलीत आवाजच नव्हता. स्पीकरची वायर निसटून खाली पडली होती. त्याने डोळे उघडले, माझं पडलेलं तोंड बघितलं, मग वायर बघितली.

"शहाण्या, आधी बोलायचं ना! जोड की."

मी जोडली. आवाज फुल होता. खिडकीच्या काचा थरथरल्या, शेजाऱ्याने भिंतीवर दणके घातले. मास्तर अजून माझ्याच तोंडाकडे बघत होता.

"लागली का रे?"

मी मान हलवली.

"मग संपली की खांद्यावर थाप मार. नाहीतर मी येड्यासारखा डोलत बसेन."

"मारतो," त्याला ओठ वाचता येतील असं सावकाश म्हटलं. "दर वेळी मारतो. आईशप्पथ."